हिरडीच्या रंगाचं हँडल

"टक्" असा आवाज आला आणि दातांच्या डॉक्टरांनी गुडघा झटकन मागे घेतला.

हा आवाज ते जन्मभर दुसऱ्यांच्या तोंडातून ऐकत आले होते. तो ऐकला की ते अगदी शांतपणे म्हणत, "काही नाही, जरासं टोक उडालंय." आज मात्र आवाज सासऱ्यांच्या गाडीतून आला होता. डॅशबोर्डच्या कप्प्यात टॉर्च आडवी पडली होती. ती न बघता डॉक्टरांनी कप्प्याचं झाकण गुडघ्याने दाबलं आणि उन्हाने वाळून कडक झालेल्या त्या जुन्या प्लास्टिकला बिजागरीपासून कडीपर्यंत तडा गेला.

"काय झालं हो?" अंगणातून बायकोने विचारलं.

"काही नाही, जरासं टोक उडालंय," डॉक्टर म्हणाले.

बायको जवळ आली, तिने वाकून पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "अहो, रविवारी बाबा येणार आहेत ना!"

बाबा म्हणजे डॉक्टरांचे सासरे. ते निवृत्त न्यायाधीश होते, पण निवृत्त फक्त कोर्टातून झाले होते. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर त्यांनी गाडी चालवणं सोडलं आणि गाडी जावयाला देऊन टाकली. 'देऊन टाकली' हे बायकोचे शब्द. डॉक्टरांच्या मते ती त्यांच्याकडे जामिनावर होती. सासरे घरी आले की मुलीची खुशाली विचारायच्या आधी गाडीत जाऊन बसत, काचा वरखाली करून बघत, सीटच्या शिवणीवरून बोट फिरवत आणि शेवटी डॅशबोर्डचा कप्पा उघडून त्यात आपला वाचायचा जादा चष्मा आहे ना, याची खात्री करून घेत. एवढ्या वर्षांत त्या गाडीला त्यांनी एक ओरखडा येऊ दिला नव्हता. जावयाबद्दल त्यांचं मत चांगलं होतं की वाईट, हे कोणालाच माहीत नव्हतं. निकाल राखून ठेवला होता.

येत्या रविवारी गावातल्या ज्येष्ठ नागरिकांच्या व्यायामशाळेचं उद्घाटन त्यांच्या हस्ते होतं. आयोजक गाडी पाठवायला तयार होते. पण "मी माझ्या गाडीतून येईन, जावई चालवतील," असं त्यांनी सांगून टाकलं होतं.

"गॅरेजमध्ये द्या," बायको म्हणाली.

डॉक्टरांनी गॅरेजवाल्याला फोन केला. तो आधी मॉडेल ऐकून हसला आणि मग म्हणाला की झाकण शोधावं लागेल, पंधरा दिवस तरी धरून चाला.

"बघ," फोन ठेवत डॉक्टर म्हणाले, "आता मलाच करायला हवं. आणि त्यात आहे काय? प्लास्टिकच तर आहे. माझं सगळं आयुष्य प्लास्टिकमध्ये गेलं."

"तुमचं आयुष्य दातांत गेलं."

"कवळी कशाची असते?"

यावर बायको स्वयंपाकघरात निघून गेली, आणि पुढचं सगळं त्यामुळे घडलं.

डॉक्टरांनी दवाखान्यातून पांढरा कोट, भिंग, बारीक सुया आणि झटपट चिकटणारा गोंद आणला. तड्याच्या कडा त्यांनी स्पिरिटने पुसल्या, सुईच्या टोकावर गोंद घेऊन तो थेंबाथेंबाने आत सोडला, वरून घासलं, चकचकीत केलं. काम खरोखरच सुंदर झालं. त्यांनी बायकोला हाक मारली.

"शोध बघू, तडा कुठे होता ते."

बायकोने चष्मा लावून पाहिलं, बोट फिरवून पाहिलं. तडा सापडेना. "कमाल आहे बाई तुमची!" ती मनापासून म्हणाली. लग्नानंतर हे वाक्य तिने फार वेळा उच्चारलं नव्हतं. डॉक्टरांनी मान किंचित झुकवली.

"आता उघडून दाखवा," ती म्हणाली.

डॉक्टरांनी कडी दाबली. झाकण उघडलं नाही. दोन्ही हातांनी ओढलं, तरी नाही. गोंद तड्यातून खाली उतरला होता आणि त्याने झाकण आणि डॅशबोर्ड यांच्यातला भेदभाव कायमचा मिटवला होता.

"राहू दे ना असंच," बायको म्हणाली. "तडा दिसत तर नाही."

"अगं, चष्मा आत आहे. त्याच्याशिवाय बाबा भाषण कसं वाचणार? आणि ते आल्या आल्या पहिला कप्पाच उघडतात."

तेव्हा आता झाकण उपटायचं ठरलं. डॉक्टरांकडे दाढा काढायचा जबरदस्त चिमटा होता. तो घेऊन ते पुढच्या सीटवर बसले. दाढ काढताना डॉक्टरला जोर लावायला कुठेतरी आधार लागतो. इथे पेशंटचा जबडा नव्हता, म्हणून त्यांनी डाव्या हाताने दाराचं आतलं हँडल घट्ट धरलं, उजव्या हाताने चिमट्यात झाकणाची कड पकडली, दीर्घ श्वास घेतला आणि ओढलं.

एकाच वेळी दोन आवाज आले. पहिला झाकणाचा. ते उघडलं, चष्मा शाबूत होता. दुसरा आवाज डाव्या हातातून आला.

दाढ काढताना कधीकधी शेजारचा दात हलतो, हे डॉक्टर प्रत्येक पेशंटला आधीच सांगून ठेवत. इथे आधीच सांगून ठेवावं असं कोणी नव्हतं. ते हातातल्या हँडलच्या तुकड्याकडे बघत राहिले.

"निघालं का?" बायकोने स्वयंपाकघराच्या खिडकीतून विचारलं.

"निघालं," डॉक्टर म्हणाले. "जरा जास्तच निघालं."

हँडलचा दुसरा तुकडा दाराच्या आत राहिला होता. तो काढायचा तर दाराचं पॅनेल काढायला हवं. पॅनेल क्लिपांवर बसवलेलं होतं आणि त्या क्लिपा गाडीच्याच वयाच्या होत्या. डॉक्टर अगदी हळुवारपणे एकेक क्लिप सोडवत गेले. निम्म्या निघाल्या आणि निम्म्या तुटल्या. शेवटी दार उघडंबोडकं झालं. त्याच्या पोटातल्या तारा आणि पट्ट्या बघून डॉक्टरांना एकदम कॉलेजातला शरीरशास्त्राचा वर्ग आठवला. त्या विषयात त्यांना जेमतेम पासापुरते गुण मिळाले होते.

"आता तरी गॅरेजमध्ये द्या," बायको म्हणाली. तिच्या आवाजात आता विनंती नव्हती.

"गॅरेजवाला बाबांच्या ओळखीचा आहे. संध्याकाळच्या आत बातमी पोहोचेल. हँडल मी दवाखान्यात करतो. एवढंसं तर आहे. वरच्या जबड्याच्या कवळीएवढं."

दुसऱ्या दिवशी दवाखान्यातल्या मदतनीस बाईंनी टेबलावर मेण, माप घ्यायचा लगदा आणि साच्याचं सामान मांडलेलं पाहिलं.

"डॉक्टर, पेशंट कुठे आहे?"

"बाहेर उभा आहे."

बाईंनी बाहेर डोकावलं. "बाहेर कोणी नाही."

"पार्किंगमध्ये."

डॉक्टरांनी तुटलेले दोन तुकडे मेणाने जुळवले, त्यांचा साचा घेतला आणि आता तो कवळीच्या मटेरियलने भरायचा, एवढंच उरलं. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की कवळीचं मटेरियल एकाच रंगात मिळतं. लोकांना हिरड्या काळ्या लागत नाहीत.

मग ते मनात म्हणाले, रंगाचं काय, वरून लावता येतो. मजबुती महत्त्वाची. आणि त्यांनी कपाटातला नवा डबा फोडला.

हँडल फार छान उतरलं. आकार हुबेहूब, कडा गुळगुळीत, पकड पक्की. फक्त ते निरोगी माणसाच्या हिरडीसारखं गुलाबी होतं. ते ट्रेमध्ये ठेवून डॉक्टर कौतुकाने बघत असतानाच गायनाच्या बाई आत आल्या. बाईंनी गावातल्या निम्म्या मुलींना गाणं शिकवलं होतं आणि आता त्या वरच्या कवळीची वाट बघत होत्या.

"डॉक्टर, आज द्यायची कबूल केली होतीत. उद्या माझं स्वागतगीत आहे," बाई म्हणाल्या. दात नसल्यामुळे बाईंचे त आणि द केव्हाच निवृत्त झाले होते, पण राग स्वच्छ उमटत होता. मग त्यांची नजर ट्रेकडे गेली आणि त्या दोन पावलं मागे सरकल्या. "ही माझी?"

"नाही नाही बाई, ती दुसऱ्या पेशंटची आहे."

"अगं बाई! माणूस आहे की घोडा?"

"जुना पेशंट आहे. बाई, तुमची कवळी सोमवारी नक्की. मटेरियल जरा..." डॉक्टरांनी रिकामा डबा पायाने टेबलाखाली सरकवला. "जरा संपलंय."

"म्हणजे मी उद्या दातांशिवाय गायचं?"

"तुमचा आवाज इतका गोड आहे, की दातांकडे कोण बघतंय!"

बाईंनी ट्रेमधल्या त्या वस्तूकडे पुन्हा एकदा निरखून पाहिलं, आणि चेहरा लक्षात ठेवावा तशी ती लक्षात ठेवून त्या निघून गेल्या.

त्या संध्याकाळी डॉक्टरांनी हँडल दारावर चढवलं, पॅनेल उरलेल्या क्लिपांवर दाबून बसवलं आणि कप्प्याचं झाकण नुसतंच टेकवून ठेवलं. रंगावर तोड बायकोने काढली. ती फार वैतागली होती, पण काळं काय लावायचं हे तिला लगेच सुचलं. बुटाचं पॉलिश. दोन हात मारल्यावर हँडल इतकं काळं झालं की शेजारच्या खऱ्या प्लास्टिकने लाजावं. पॉलिशचा वास झाकायला डॉक्टरांनी गाडीत लवंगेचं तेल शिंपडलं.

"फक्त एक करा," ती म्हणाली. "बाबांना त्याला हात लावू देऊ नका."

"मी पळत जाऊन बाहेरून दार उघडेन."

"आणि मी येणार नाही."

"का?"

"उद्या साक्षीला बोलावलं तर मला खोटं बोलता येत नाही."

रविवारी सकाळी सासरे आले. पांढराशुभ्र शर्ट, कडक इस्त्री. ते थेट गाडीकडे गेले, पुढच्या सीटवर बसले आणि त्यांनी नाक वर केलं.

"डॉक्टर, वास कसला येतोय?"

"लवंगेच्या तेलाचा, बाबा. चांगला असतो."

"दात दुखल्यावर लावतात ते?"

"हो, तेच."

"गाडीचे दुखत होते?"

डॉक्टर मोठ्याने हसले, पण एकटेच. सासऱ्यांचा हात कप्प्याकडे वळला. डॉक्टरांनी विजेच्या वेगाने खिशातून चष्मा काढून पुढे केला. "हा घ्या, चष्मा."

"मी मागितला नव्हता," सासरे म्हणाले आणि चष्म्याकडे न बघता जावयाकडे बघत राहिले. मग त्यांनी चष्मा खिशात ठेवला आणि संपूर्ण रस्ता एक अक्षरही बोलले नाहीत. डॉक्टरांनी ऐकलं होतं की कोर्टात हे गप्प झाले की वकिलांना घाम फुटायचा. ते खरं असावं.

व्यायामशाळेसमोर मंडप घातला होता. मंडपावर फलक होता: 'हालचाल हेच जीवन.' दारात ज्येष्ठ नागरिक मंडळाचे अध्यक्ष पुष्पगुच्छ घेऊन उभे होते. त्यांच्या दुसऱ्या हातात कागदांची जाडजूड गुंडाळी होती. मागे ज्येष्ठ सभासद पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटांत रांगेने उभे होते आणि त्यांच्यात अगदी पुढे, ओठ घट्ट मिटून, गायनाच्या बाई.

गाडी थांबली. डॉक्टर उडी मारून उतरले आणि पलीकडच्या दाराकडे धावले. पण बॉनेटपाशीच अध्यक्षांनी त्यांना गाठलं आणि साहेबांचे जावई म्हणून पुष्पगुच्छ त्यांच्याच छातीवर टेकवला. "या, या! आपलं स्वागत असो. प्रवास कसा झाला?" प्रवास दोन गल्ल्यांचा होता.

डॉक्टरांनी पुष्पगुच्छ चुकवून सासऱ्यांच्या दारापर्यंत मजल मारली, तेव्हा उशीर झाला होता. काच खाली केलेली होती. सासरे खिडकीच्या कडेवर कोपर टेकवून, न्यायासनावर बसावं तसे ताठ बसले होते आणि त्यांच्या हातात हँडल होतं. त्यांची बोटं काळी झाली होती आणि जिथे जिथे पॉलिश निघालं होतं, तिथून हँडल गुलाबी गुलाबी झळकत होतं.

"डॉक्टर," ते म्हणाले, "दार उघडत नाही."

"मी बाहेरून उघडतो, बाबा!" डॉक्टरांनी बाहेरचं हँडल ओढलं. दार हललं नाही. आपण पॅनेल बसवताना आतली कुठली तरी तार भलत्याच ठिकाणी अडकवली, हे त्यांना लख्ख कळलं. त्यांनी पाय टेकवून ओढलं. अध्यक्षांनी ओढलं. मग "सरका, मला बघू द्या" म्हणत एक निवृत्त ड्रिल मास्तर पुढे झाले, त्यांच्या कमरेला धरून आणखी कोणी, त्यांच्या मागे आणखी कोणी. सगळे सभासद दार ओढायला लागले. व्यायामशाळेचं काम उद्घाटनाच्या आधीच सुरू झालं.

आणि तेवढ्यात गायनाच्या बाईंची किंकाळी उठली.

"तीच! काल मी पाहिलेली कवळी! डॉक्टर, तुमचा तो जुना पेशंट म्हणजे न्यायाधीशसाहेब?"

ओढणारे सगळे थांबले. सगळ्यांनी आधी साहेबांच्या हातातल्या गुलाबी वस्तूकडे पाहिलं, मग साहेबांच्या तोंडाकडे, मग पुन्हा वस्तूकडे, आणि मनातल्या मनात मापं जुळवायचा प्रयत्न केला. डॉक्टरांना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटलं.

सासऱ्यांनी खिशातून रुमाल काढला, हँडल त्यात शांतपणे गुंडाळलं आणि खिशात ठेवलं. "हा पुरावा आहे," ते म्हणाले. "याला कोणी हात लावू नये आणि याबद्दल कोणी चर्चाही करू नये."

कोणी चर्चा केली नाही. तो आवाजच तसा होता.

अध्यक्ष खिडकीशी वाकले. "साहेब, पलीकडच्या दाराने येता का?"

"गिअर ओलांडायला माझा गुडघा परवानगी देत नाही."

"मग मागच्या दाराने? सीटच्या मधून?"

"या वयात मागे जाणं मला पटत नाही," सासरे म्हणाले. "फीत इथे आणता आली तर बघा."

फीत आणली. ती व्यायामशाळेच्या दारावरून सोडून दोन सभासदांनी गाडीच्या खिडकीसमोर ताणून धरली. सासऱ्यांनी कोपर न हलवता दुसऱ्या हाताने कात्री घेतली, फीत कापली आणि खिडकीतून माइक आत घेऊन भाषण केलं. "मित्रहो, शरीर हलतं ठेवा. हलतं ठेवलं नाही तर माणूस कुठे अडकतो, हे आपण समोर पाहतच आहात. व्यायामशाळेचं उद्घाटन झालं असं मी जाहीर करतो."

टाळ्यांचा कडकडाट झाला. इतकं छोटं आणि इतकं मुद्द्याचं भाषण त्या मंडपाने ऐकलं नव्हतं. "काय साधेपणा!" मागून कोणीतरी म्हणालं. अध्यक्षांनी हातातली कागदांची गुंडाळी सोडली आणि ते खिडकीशी आले.

"साहेब, आपण आत निवांत बसा. मी इथेच उभं राहून प्रास्ताविक करतो, मग आपला परिचय, मग..."

"अवश्य करा. मला ऐकायचंच आहे," सासरे म्हणाले. मग त्यांनी शर्टाच्या गळ्याशी बोट घातलं. "पण आत जरा कोंडल्यासारखं होतंय. आधी गॅरेजमध्ये जाऊन मोकळा होऊन येतो."

मंडपात एकच धांदल उडाली. "व्हा बाजूला! वाट द्या!" "डॉक्टर, बघत काय बसलाय, चला लवकर!" गायनाच्या बाईंनी स्वागतगीत सुरू केलं होतं, पण गाडी सुरू झाल्यामुळे ते निरोपाचं गीत ठरलं.

मंडप मागे पडल्यावर डॉक्टर म्हणाले, "बाबा, माझं फार चुकलं. म्हणजे ते आधी झाकण..."

"गॅरेज कोणत्या बाजूला आहे?"

"चौकातून उजवीकडे."

"मग डावीकडे घ्या."

डावीकडे तलाव होता. काठावर झाडं होती, एक कॉफीचं दुकान होतं आणि रविवार असूनही गर्दी नव्हती. सासऱ्यांनी गाडी सावलीत लावायला सांगितली.

"आता उतरा आणि माझं दार उघडा."

"बाबा, ते उघडत नाही ना. तार..."

सासऱ्यांनी खिडकीवरचं कोपर प्रथमच उचललं. कोपराखाली लॉकची छोटीशी खुंटी होती. ती त्यांनी दोन बोटांनी धरून वर ओढली.

डॉक्टर उतरले, वळसा घालून गेले, त्यांनी बाहेरून हँडलला हात लावला आणि दार लोण्यासारखं उघडलं.

"म्हणजे... लॉक होतं?"

"मी लावलं होतं."

"पण का?"

सासरे उतरले, त्यांनी पाय झटकले. "त्या अध्यक्षांच्या हातातले कागद पाहिलेत? मागच्या वर्षी त्यांनी माझा परिचय करून दिला. लोक उठले, घरी जाऊन जेवून आले, तरी मी प्राथमिक शाळेतच होतो. वकिलीच्या परीक्षेपर्यंत पोहोचलो तेव्हा मंडपवाला खुर्च्या गोळा करत होता." त्यांनी खिशातून रुमाल काढून उलगडला. "आज ते कागद घेऊन माझ्याकडे निघाले आणि नेमकं त्याच वेळी हे माझ्या हातात आलं. इतकी वर्षं मी दुसऱ्यांना सोडत आलो, डॉक्टर. मला सोडवणारं पहिल्यांदाच काही भेटलं."

कॉफी आली. सासरे हँडल उलटसुलट करून बघत होते.

"हा रंग कुठला म्हणायचा?"

"हिरडीचा."

"कोणाच्या?"

"कोणाच्याही, बाबा."

आणि मग डॉक्टरांनी सगळं सांगून टाकलं. टॉर्च, गोंद, चिमटा, क्लिपा, बाईंच्या कवळीचा डबा. चिमट्यापाशी सासऱ्यांचे खांदे हलायला लागले, आणि बाईंनी "माणूस आहे की घोडा" असं विचारलं होतं, हे ऐकल्यावर त्यांना कॉफीचा ठसका लागला. डॉक्टरांनी सासऱ्यांना हसताना कधी पाहिलं नव्हतं. त्यांचे दात चांगले होते.

"बाईंची कवळी उद्या सगळ्यात आधी करायची," ठसका ओसरल्यावर सासरे म्हणाले.

"करतो."

"आणि या दाराला हात लावायचा नाही."

"पण बाबा, गॅरेजवाल्याकडून मी नवीन हँडल मागवतो, पंधरा दिवसांत..."

"मागवायचं नाही. पुढच्या रविवारी वाचनालयाचा वर्धापनदिन आहे. त्यानंतर महिला मंडळ. सगळीकडे अध्यक्ष हेच आहेत." त्यांनी हँडल पुन्हा रुमालात गुंडाळलं आणि खिशावर हलकेच थोपटलं. "दार तुटकंच राहू द्या. बाकीचं मी बघतो."

डॉक्टर घरी आले ते शीळ घालत. "काय म्हणाले बाबा?" बायकोने दारातच विचारलं.

"निर्दोष सुटलो," डॉक्टर म्हणाले. "उलट बक्षीस मिळायचं राहिलं."

त्या आठवड्यात गावात एकच विषय होता. गुडघा साथ देत नसताना, दार उघडत नसतानासुद्धा साहेब आले, गाडीत बसून उद्घाटन केलं आणि कोणाला एका शब्दाने दोष दिला नाही! डॉक्टरांनी सोमवारी बाईंची कवळी करून दिली. ती बसवून घेताना बाईंनीही साहेबांच्या मोठेपणाबद्दल चार शब्द काढले, त आणि द यांच्यासकट.

पुढच्या रविवारी सासरे वेळेआधीच आले. गाडीत बसले, काच खाली केली, कोपर खुंटीवर टेकवलं आणि प्रसन्न चेहऱ्याने म्हणाले, "चला."

वाचनालयाच्या फाटकाशी गाडी पोहोचली. सासऱ्यांनी चेहरा पाडला, हताशपणे मान हलवली आणि जमलेल्या लोकांना सांगितलं, "माफ करा. दार अजून उघडत नाही."

"माहीत आहे साहेब, माहीत आहे!" अध्यक्ष आनंदाने ओरडले. "आम्ही सगळी व्यवस्था केली आहे. डॉक्टर, सरळ आत घ्या गाडी. या, या, अजून पुढे!"

दोन स्वयंसेवकांनी फाटक उघडलं. आतल्या पटांगणात छत घातलेलं होतं आणि छताखाली मधोमध एका गाडीपुरती जागा रांगोळीच्या भुकटीने आखून ठेवली होती. डॉक्टरांनी गाडी तिथे नेऊन उभी केली. लगेच मागून खुर्च्यांच्या रांगा लागल्या, मग दोन्ही बाजूंनी आणि शेवटी पुढूनही. श्रोते येऊन बसले. बघता बघता गाडीच्या चारी बाजूंना माणसंच माणसं झाली. डॉक्टरांच्या दाराला टेकून माइकवाल्याने आपली पेटी ठेवली. सासऱ्यांच्या खिडकीसमोर एक छोटासा पंखा लावण्यात आला, म्हणजे आत कोंडल्यासारखं होऊ नये.

अध्यक्ष खिडकीपासून हातभर अंतरावर उभे राहिले आणि त्यांनी कागदांची गुंडाळी सोडली. मागच्या आठवड्यात वाचायचे राहिलेले कागदही त्यात होते.

"साहेबांना उतरण्याचा त्रास नको आणि जाण्याची घाई नको," त्यांनी माइकमध्ये सांगितलं, "म्हणून आज आपण सर्वच जण साहेबांकडे आलो आहोत. आता साहेबांच्या बालपणापासून सुरुवात करू या."

टाळ्या झाल्या. सासऱ्यांनी समोर बघितलं, मागे बघितलं. मग चेहऱ्यावरची रेषही न हलवता, ओठांच्या कोपऱ्यातून ते पुटपुटले, "डॉक्टर, ते नवीन हँडल किती दिवसांत येईल म्हणालात?"

"तुम्हीच मागवू नका म्हणालात, बाबा."

"मी निकालाचा फेरविचार करतोय," सासरे म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

ते किती एकाग्र होऊन ऐकताहेत, हे पाहून अध्यक्षांना भरून आलं, आणि त्यांनी वाचून बाजूला ठेवलेलं पहिलं पानही पुन्हा वाचायला घेतलं.